माडीआडचा दिवा

१९ सप्टेंबर १९५७
अकरावीला आज ऑब्स्क्युअर हा शब्द. अर्थ विचारला. एक म्हणाला, अंधुक. दुसरा म्हणाला, न समजणारं. तिसरा, कोणाला ठाऊक नसलेलं. तिघंही बरोबर म्हटल्यावर वर्गच रागावला. एका शब्दाला इतके अर्थ, मग परीक्षेत लिहायचं काय? म्हटलं, अजून संपलं नाही. तो क्रियापदही आहे. आड येणं, झाकून टाकणं. वाक्य करा. एकालाही होईना. शेवटी खिडकीबाहेर बोट दाखवलं. देवळाच्या पुढ्यात गलबतवाल्या आबाशेटच्या नव्या माडीचे बांबू उभे राहतायत. ती माडी पुरी झाली की देवळाचा दिवा दर्यावरून दिसणार नाही. हे झालं क्रियापद.
मुलं हसली. मी हसवण्यासाठी बोललो नव्हतो.

२२ सप्टें.
आबाशेटला (यापुढे नुसतं आ., पूर्ण नाव लिहून शाई कोण फुकट घालवणार) समक्ष जाऊन सांगितलं, माडी दोन हात बाजूला घ्या. सुपारी कातरत म्हणाला, "मास्तरानू, माझ्या जाग्यात मी खंय बांधूचा तां तुमी सांगतलास?" वर चहा पाजला. चहात साखर भरपूर, तोंडात काडीची नाही.

२६ सप्टें.
बंदर खात्याच्या साहेबाला इंग्रजीत अर्ज केला. गावातल्या सगळ्यांचे अर्ज मी लिहितो, माझा स्वतःचा हा पहिला. मुद्दा एकच. नारळी पुनवेपासून मोसम संपेपर्यंत दीपमाळेवर दिवा लागतो. ज्या घरचा माणूस दर्यावर, त्या घराची तेलाची पाळी. अंधारात येणारं गलबत त्या दिव्यावर नाक धरून सरळ आत घुसतं, कारण दोन्ही अंगांना खडप. खडपाला इंग्रजी शब्द सापडेना, म्हणून ‘पाण्याखालचे खडक’ असं लिहिलं. शेवटी, ‘सदर बांधकामामुळे दिवा समुद्रावरून ऑब्स्क्युअर होईल.’ याहून नेमका शब्द नाही.
धाकटा भाऊ बाबल भडकला. तो आ.च्याच गलबतावर तांडेल आहे, गलबत त्याच्या हुकमाने चालतं. "माझ्याच शेटीच्या इरोधात अर्ज? माझा पोट तेच्या गलबतार चलता, दादा." म्हटलं, म्हणूनच केला. त्या दिव्यावरून आत येतोस तू, मी नाही. जेवला नाही, उठून गेला.

३ ऑक्टोबर, दसरा
गावाने देवाला कौल लावला. गुरवाने मूर्तीवर तांदळाचे दाणे चिकटवून गाऱ्हाणं घातलं, माडी ऱ्हवांदे काय नको? उजवा दाणा पडला. माडी राहू दे. देवाला स्वतःचा दिवा झाकलेला चालतो, तर आपण कोण बोलणार, असं सगळ्यांच्या तोंडावर. देवाशी भांडण काढण्याची माझी तयारी होती. हिने सदऱ्याची बाही ओढली.
जिंकल्यावर आ. उदार. सगळ्यांदेखत हात जोडून म्हणाला, "पुढच्या खेपेक मुंबैसून गॅसबत्ती हाडतंय. देवाच्या दीपमाळेर लावतलंय. तेलाच्या दिव्याच्या धा पट उजेड. माडयेच्या वरसून दिसात." टाळ्या. बाबल सर्वांत मोठ्याने. वरून दिसणार कशी? दीपमाळ माडीच्या निम्म्यानेही नाही. पण गॅसबत्ती हा शब्द ऐकल्यावर मोजमाप कोण करतो.

५ ऑक्टो.
बाबल गेला. मुंबई, मग मंगळूर, परत मुंबई, आणि आ.च्या मुलीच्या लग्नाचं सामान घेऊन घर. मध्ये इकडे शिरणार नाही. जाताना पाया पडला, बोलला नाही. गंगाराम खलाशी मात्र हसत, "मास्तरानू, इलंय काय नव्या बत्तीच्या उजेडात तुमका रामराम करतंय." त्याची बायको काठावर उभी, पोटुशी.

१४ ऑक्टो.
माझ्या अर्जाला आ.च्या वकील मुलाने दिलेल्या उत्तराची नक्कल खात्याकडून आली. तीन पानं. त्यात मी ‘ऑब्स्क्युअर स्कूलमास्टर’. दिव्याची रीत ‘ऑब्स्क्युअर कस्टम’. आणि माझं इंग्रजी, तेही ‘ऑब्स्क्युअर’. पहिल्याचा अर्थ, ज्याला कुत्रं विचारत नाही. दुसऱ्याचा, जिचं मूळ कोणालाच ठाऊक नाही. तिसऱ्याचा, वाचून डोक्यात उजेड पडत नाही.
या मेल्याला हा शब्द शिकवला कोणी? मीच. पाचव्या बाकावर बसायचा, नाकाला रुमाल लावून.

१५ ऑक्टो.
ती तिन्ही वाक्यं फळ्यावर लिहिली. म्हटलं, तिन्हींतला फरक सांगा. वर्गात कोणी मान वर करीना. वाक्यं कोणाची नि कोणाविषयी, गावात सगळ्यांना कालच कळलेलं. शेवटी एक मुलगी उठली. "सर, पहिल्या वाक्याचो अर्थ आमका येता, पण सांगूचो नाय." तिला बसवलं. तास संपायच्या आधीच फळा पुसला. राग आला होता, आणि रडूही. दोन्ही घरी येईपर्यंत पुरलं.

९ नोव्हेंबर
खात्याचं उत्तर. दिवा खात्याच्या यादीत नाही. जो दिवा यादीत नाही तो झाकला गेला असं खात्यास म्हणता येत नाही. सबब अर्ज निकाली.
या वाक्याला दाद द्यावी की आग लावावी कळेना. ही म्हणाली, जेवून घ्या.

२४ नोव्हें.
माडीवर कौलं चढली. संध्याकाळी मुद्दाम होडीतून बाहेर गेलो, खडपाच्या तोंडापर्यंत. दिवा नाही. माडीच्या कडेने पिवळट धूसर काहीतरी, तेही आहे म्हणून माहीत असलं तरच. होडीवाला म्हणाला, "दिसता हां वायच." काही दिसत नव्हतं. आ.ला खोटं म्हणावं लागू नये म्हणून त्याने आपलेच डोळे खोटे ठरवले.
परतताना देवळात गेलो. दिवा व्यवस्थित जळत होता. आज पाळी गंगारामाच्या घरची.

९ डिसेंबर
गॅसबत्ती आली, बोटीने. लावली कुठे? माडीच्या टोकाच्या सज्ज्यात, दीपमाळेच्या रेषेतून पार बाजूला. लग्न आहे ना. गुरवाने भीत भीत आठवण केली तर आ. म्हणतो, "चेडवाचा लगीन होऊन जांवदे. मगे बत्ती देवाचीच आसा." देवाची वस्तू आधी जावयाला दाखवायची.
मी गेलो. ओरडलो. म्हटलं, दर्यावरून आता एकच दिवा दिसतो, तुमचा. वकील पुढे झाला. शुद्ध मराठीत, "सर, आपण फारच मनाला लावून घेता." मांडवातल्या बायका बघायला लागल्या. परत आलो. बाबलला तार करायची कुठे? गलबत वाटेत.

१३ डिसें.
दिवेलागणीला वारा बरा होता. मी वह्या तपासत होतो. काठावरून आरडाओरड ऐकू आली. धावलो. आ.चं गलबत खडपावर, कलतं. होड्या गेल्या. बाबलला आणलं, डावा पाय गुडघ्याखाली मोडलेला. बाकी खलाशी पोहून. गंगाराम नाही.
बाबल माझा हात सोडीना. एकच बडबड. "देवाची बत्ती लागली म्हणान मी सरळ घातलंय, दादा. पांढरी, मोठी. शेटीन सांगल्यान तशीच."
माडीच्या सज्ज्यात ती अजून जळतेय. कोणाला विझवायचं सुचलं नाही.

१५ डिसें.
गंगाराम सापडला, खाडीच्या तोंडाशी.

१८ डिसें.
लग्न झालं. ताशा-वाजंत्री एवढं कमी केलं म्हणे, दुःखाचा मान राखून. जेवणाची पानं मात्र ठरल्याप्रमाणे. माझ्या घरी लाडूंचं ताट पाठवलं. मी ते गुरांच्या पुढ्यात ओतलं. ही रागावली, अन्नावर कसला राग. खरं आहे. पण ते ताट आत घेणं मला जमलं नसतं.

२३ डिसें.
बत्ती आज दीपमाळेवर चढवली. आ.ने स्वतः नारळ फोडला. खालून बघायला झकास. दर्यावरून माडीच दिसते.

२९ डिसें.
गलबत फुटल्याची सरकारी चौकशी लागलीय. आ. बाबलला बघायला आला. सोबत वकील. मी ओटीवरच बसून राहिलो, आत या म्हटलं नाही. ते आपण होऊन गेले. भिंतीपलीकडून सगळं ऐकू येत होतं.
"बाबल, गलबत जावंदे. नवा बांधतलंय. तांडेल तूच. चौकशेक सांग, सुकाणू तुटला. तुझ्यार नाय, माझ्यार नाय. दर्यार."
बाबल काय पुटपुटला ते मात्र कळलं नाही. जाताना आ.ने मला वाकून नमस्कार केला. मी वर पाहिलं नाही.
नंतर बाबलशी भांडलो. घर हादरेल इतकं. म्हटलं, तू मला त्या दिवशी काय सांगितलंस? तो म्हणाला, "दिव्याक चुकलंय असा एकदा सांगितलंय तर माका होडी तरी कोण दीत? तांडेल चुकाक नाय, दादा. सुकाणू तुटता."
सुकाणू शाबूत आहे. काठावर पालथं पडलंय, पोरं त्यावर बसतात.

४ जानेवारी १९५८
चौकशीचा साहेब मद्रासकडचा. मराठी येत नाही, मालवणी तर सोडाच. दुभाषा लागणार. माझं नाव वकिलानेच सुचवलं! तालुक्यात सरांइतकं इंग्रजी कोणाचं नाही, असा भरभरून दाखला देऊन. ऑक्टोबरात माझं इंग्रजी डोक्यात उजेड न पाडणारं होतं, जानेवारीत तालुक्यात पहिलं.
खुश होणार होतो. मग कळलं. दुभाषा साक्ष देऊ शकत नाही. मी खुर्चीवर बसलो की माझं तोंड बंद, ते फक्त दुसऱ्याच्या शब्दांसाठी उघडायचं. हरामखोर हुशार आहे. माझाच विद्यार्थी.
नाही म्हणून कळवावं? मग दुभाषा म्हणून वकील स्वतःचाच कोणी आणून बसवील. साक्ष द्यावी तर काय देणार? जुना वैरी, अर्जदार, वर आरोपीचा भाऊ. होकार दिला. शिव्या दिल्या त्या स्वतःला.

७ जाने.
गंगारामाची बायको आली. ओटीच्या खाली उभी, वर येईना. "मास्तरानू, सुकाणू तुटला असा लोक म्हणतत. माझो घो सुकाणार बसा होतो. मगे तेका गुन्हेगार करतले काय?"
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सुकाणू तुटलं म्हटलं की दोष दर्याचा, असं आ. म्हणाला. दर्याचा कसला? सुकाण्यावर बसलेल्याचा. आणि तो बोलायला नाही.
बाबलला सांगितलं. तो भिंतीकडे वळून झोपला. झोप लागली नव्हती, खांदे हलत होते.

१० जाने.
उद्या चौकशी. बाबलने संध्याकाळी हाक मारली. पाणी मागेल म्हणून तांब्या घेऊन गेलो.
"दादा, उद्या माझ्या तोंडातसून भायर पडात तितक्याच इंग्रजीत सांग. वायच पण जास्त नको."
विचारलं, काय पडणार आहे तोंडातून?
"ता माका अजून खंय ठाऊक आसा."
वीस वर्षं पोरांना सांगत आलो, भाषांतरात आपल्या पदरचं घालायचं नाही, मूळ वाक्य वेडंवाकडं असलं तरी तसंच ठेवायचं. घातलं तर मी मार्क कापतो. उद्या तो सुकाणू म्हणाला तर मला रडर म्हणावं लागेल. साहेबाला दुसरं काहीच कळणार नाही, मी जे बोलेन तेवढंच. ही ताकद मला आयुष्यात पहिल्यांदा मिळाली आणि ती मला नको आहे.
रागाच्या भरात हे सगळं हिला बोललो. ही भांडी घासत होती. म्हणाली, "तुमका काय व्हया ता इचारू नकात. गंगारामाच्या बायलेक काय व्हया ता इचारा."

११ जाने.
सकाळी. बाबलला चौघांनी खुर्चीवर बसवून बंदरबंगल्यात नेलं. मी मागून. वाटेत देवळाशी गंगारामाची बायको भेटली, हातात तेलाची बुधली. आज पाळी तिच्या घरची. तिच्या घरचं दर्यावर आता कोणी नाही, दीपमाळेवर तेलाचा दिवाही नाही, गॅसबत्ती आहे. गुरव तिला समजावत होता, तेल नको आता. ती बुधली खाली ठेवीना. बाबलने खुर्ची थांबवायला सांगितली. तिच्या हातातली बुधली बघितली. मग म्हणाला, चला.
बंगल्याच्या पडवीत बसून हे लिहितोय. आत वकील साहेबाशी इंग्रजीत हसून बोलतोय. शिपायाने पुकारा केला. आधी तांडेल, मग दुभाषा. आत नेताना बाबलने माझं मनगट धरलं आणि विचारलं, "दादा, ‘दिवो झाकलो’ ह्येका तुमच्या इंग्रजीत काय म्हणतत?"