गाळल्याची सही

१२ मे
काल लिहिलं की इथे माझ्याशिवाय नऊ जण आहेत. चूक. आठच आहेत, नववी मीच. आत्या घरी शिकवायची तेव्हा सांगायची, चूक खोडायची नाही, खाली दुरुस्ती लिहायची.

प्रयोगशाळा छान आहे. माझं टेबल खिडकीपाशी. बाटल्यांत मूळपेशी वाढतात, त्यांच्यातून द्रवात काहीतरी पाझरतं, आणि ते टोचलं की म्हाताऱ्या पेशी पुन्हा उमेदीनं कामाला लागतात. पेशी मात्र शरीरात जाता कामा नयेत, म्हणून द्रव गाळायचा. आमच्या प्रमुख बाई म्हणाल्या, आपल्याला रस हवा, चोथा नको. सगळे हसले, मीही.

१४ मे
पहिली सुई. सुई घेणाऱ्या सहा जणांत आत्याही आहे, माझ्याच आग्रहानं. सुरकुतलेला हात पुढे करून बाईंना म्हणते कशी, की सोळाचा करून द्या, पण लग्न पुन्हा लावू नका!

२५ मे
हात खरंच कोवळा झालाय. चष्म्याशिवाय नाही, पण सुईत दोरा ओवते. शेजारणींना दाखवत फिरते. म्हणते, भाचीची करामत.

२८ मे
दुरुस्ती. चौदा तारखेच्या तक्त्यावर ‘गाळले’ म्हणून माझी सही आहे. गाळलं नव्हतं. गाळणी हातातून पडली. पडलेली वापरायची नाही, हा नियम मी पाळला. दुसरी मागायची लाज वाटली. द्रव तसाच भरला.

आत्याच्या तळहातात गाठ आलीय. ती म्हणते, घट्टा पडलाय.

३० मे
गाठ फुटली. रक्त नाही. आत दात. दुधाचा. आत्या ओशाळून म्हणाली, या वयात दात, कुणाला सांगू नकोस गं. लाज तिला! मी जमिनीकडे बघत राहिले.

३१ मे
तीन दात. त्यांच्याखाली ओलं, गुलाबी — मूठ मिटली की चोखल्याचा आवाज येतो.

१ जून
बाईंच्या दारापर्यंत दोनदा जाऊन परत आले. त्याच बाटलीतली दुसरी सुई गुरुवारी. सहाही जणांना.

आत्यानं विचारलं, नीट गाळलं होतंस ना? मी हो म्हटलं.

२ जून
उजव्या हातानं लिहितेय. डाव्या हाताचं बोट आत्याच्या मुठीत. ओढलं की चावतं — ती म्हणते, मी नाही गं धरलेलं —

शेजारी बसून ती हे वाचते आहे. पहिल्यापासून.

बाईंना सांगणार. सगळ्यांसमोर. बोट सुटलं नाही तर आत्यासकट. गुरुवार, चार जून, सकाळी नऊ, एकही सुई भरण्याआ—