चित्रातलं टेबल

घाटकोपर, शुक्रवार, मार्च १९५६

माझ्या नारळ खवण्याच्या यंत्राचा अर्ज मंजूर होऊन गॅझेटात छापला गेला होता. हरकत घ्यायची मुदत संपली आणि साऱ्या देशातून एकानेही हरकत घेतली नाही! आज शेवटची फी कलकत्त्याला पाठवली. पेटंटवर सील बसलं की झालं.

हरकत निघाली ती घरातूनच. गुप्त ठेवायचं म्हणून बायकोलाही काही दाखवलं नव्हतं. आज आनंदात यंत्राचा नमुना आणि ड्रॉइंग तिच्यापुढे ठेवलं. सुमती म्हणाली, "अहो, हे टेबल कोणाचं?"

यंत्र टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळायचं, असं मीच काढलंय. कारखान्यातल्या टेबलावर काढलं, तिथेच चालवून पाहिलं. आमच्या स्वयंपाकघरात टेबल कुठाय? सगळ्या चाळीत बायका जमिनीवर विळी घेऊन बसतात. मला एकदाही कसं सुचलं नाही? आता सील बसणार तेही त्या टेबलासकट.

सुमतीने फळीवरून सत्यनारायणाचा चौरंग काढला, त्याच्या कडेला यंत्र आवळलं आणि दांडा फिरवला. खोबरं झकास पडायला लागलं, पण चौरंग नाचायला लागला. पायाने दाबावा, तर देवाचा चौरंग.

"बसा तुम्ही त्यावर," ती म्हणाली.

बसलो. अख्खा नारळ खवून झाला तेव्हाच तिने उठू दिलं. खोबरं पांढरंशुभ्र, करवंटीचा एक काळा कण नाही. जेवताना सोलकढी पुन्हा मागून घेतली.

चित्रात टेबल आहे. घरात त्या जागी मी आहे. चालेल.