माणसांचा रकाना

३ जून
लागली एकदाची नोकरी. विजेच्या उपकेंद्रात तेल तपासायचं काम. इथल्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये खनिज तेल नाही, सोयाबीनचं भरलंय. सहजासहजी पेट घेत नाही. नमुना काढताना स्वयंपाकघरासारखा वास आला, भूकच लागली. साहेबांनी चहा पाजला. माझ्या आधीचा तपासनीस न सांगता नोकरी सोडून गेला म्हणे. बरं झालं, माझी सोय झाली.

९ जून
फाटकाशी रोज एक बाई येते. त्या आधीच्या माणसाची बायको. वहिनींचं म्हणणं, तो डबा घेऊन कामावर आला तो परतलाच नाही. साहेब त्यांना हाकलून देतात. माझं डोकंच फिरलं. आज नमुन्यात निळा धागा निघाला. आमच्या गणवेशाचा.

१४ जून
देखभालीसाठी वीज बंद, ट्रान्सफॉर्मर गार. तरी त्याच्या तेलाच्या टाकीतून ठकठक. कान लावला की थांबते. मुकादमाला विचारलं तर पांढराफटक पडला. म्हणाला, आपल्या पोटापाण्याचं बघ.

१५ जून
टाकीची नोंदवही सापडली. आत उतरणाऱ्याची हत्यारं मोजून आत, मोजून बाहेर. एखादा पाना राहिला तर ट्रान्सफॉर्मर जळेल. आधीचा तपासनीस आत उतरला त्या दिवशी आत पाने नऊ, बाहेर नऊ. खाली साहेबांची सही. झाकण बंद, तेल भरलं. आणि माणूस? माणसांचा रकानाच नाही.
मुकादम रडला. म्हणाला, माणूस आतच राहिल्याचं साहेबांना दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. टाकी उघडली असती तर खुर्ची गेली असती. हरामखोरांनो, लोखंड बरं मोजलंत.

१७ जून
वही साहेबांच्या टेबलावर आपटली. म्हटलं, टाकी उघडा, नाहीतर वहिनींना सगळं सांगतो. चिडलेच नाहीत. उद्या तेल काढू, तूच उतर म्हणाले. उतरेन. घाबरतो की काय कुणाच्या बापाला.

१८ जून, सकाळ
आत आहे. विजेरी दातात. वहिनींसाठी जागच्या जागी लिहून ठेवतोय.
वर उडालेलं तेल हवेने सुकून वार्निशसारखं घट्ट झालंय. झाकणाच्या आतल्या बाजूला त्यात बोटांचे ठसे. दहाही. नखं रोवलेली —
प्रेत नाही. कुठेच नाही.

ठकठक. माझ्या मागून —

झाकण सरकवतायत. नालायकांनो, मी आत —
बोटभर फट उरलीय. पंप सुरू. तेल घोट्यापर्यंत. शेजारी कुणीतरी उभं —
वर साहेबांचा आवाज. मुकादमाला सांगतायत, फाटकावरच्या बाईला म्हणावं, हासुद्धा न सांगताच नोकरी सो