बाग कोणाची होती, याचा खुलासा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे पंचाहत्तर, धंदा शिवणकाम (डोळ्यांमुळे दोन वर्षांपासून बंद), माझ्या राहत्या घरी, दिवसाउजेडी, स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. माझ्या वतीने परस्पर संमती देण्याचा प्रकार एकदा झाला, तो पुढे येईलच. मी शुद्धीवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देताना डॉक्टर म्हणाले, "बाई, तुम्ही फार चिडलेल्या दिसता." मी म्हटलं, चिडणं हा आजार असेल तर तसं लिहून द्या. त्यांनी लिहिलं नाही. तेव्हा मी रागात आहे आणि पूर्ण भानावर आहे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत असं समजावं. याआधी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही.

एक. मालमत्तेचा तपशील.

राहतं घर, त्यामागची बाग आणि बागेतली विहीर. ही सगळी जागा माझ्या वडिलांनी मला लग्नानंतर तिसऱ्या वर्षी बक्षीसपत्राने दिली. तेव्हा ती बाग नव्हती. मुरूम होता, काटेरी झुडपं होती आणि गाळाने भरलेली विहीर होती. विहिरीतला गाळ एका गवंड्याने आणि मी उपसला. तोच गाळ मुरमावर पसरून मी पहिलं लिंबू लावलं. ते मेलं. दुसरं मेलं. तिसरं अजून आहे. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण गेल्या उन्हाळ्यापासून गावात या जागेला "सरांची बाग" म्हणतात.

सर म्हणजे माझे यजमान. शाळेचे हेडमास्तर. जाऊन दीड वर्ष झालं. माणूस वाईट नव्हता, हेही नोंदवून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून कोणाचा गैरसमज व्हायचा. ते एका साप्ताहिकात बागेवर सदर लिहायचे. एकोणीस वर्षं लिहिलं. मंगळवारी संध्याकाळी चहा घेताना विचारायचे, "आज बागेत काय काय झालं गं?" मी सांगायचे. तुतीवर अळी पडली. लिंबाला आळं करून दिलं. धामण विहिरीच्या कठड्यावर ऊन खात पडली होती, तिला उठवलं नाही. शनिवारी छापून यायचं, "आज मी लिंबाला आळं करून दिलं."

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हसले. दुसऱ्यांदा म्हटलं, "अहो, आळं मी केलं ना?"

"अगं, लिहिताना तसंच लिहावं लागतं. वाचकाला एकच माणूस लागतो."

एकच माणूस लागतो हे मला पटलं. तो कोण, हे ठरवताना मला कोणी विचारलं नाही.

मग रविवारी वाचक बाग बघायला येऊ लागले. यजमान त्यांना हातात काठी घेऊन फिरवायचे, एखाद्या झाडाचं नाव अडलं की मोठ्याने खोकायचे, आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून नाव सांगायचे. एकदा एका पाहुण्या बाईंनी मला विचारलं, "तुम्हाला झाडांची आवड नाही वाटतं?" माझ्या हातात चहाचा ट्रे होता आणि नखांत शेणखत. मी उत्तर देणार, तोच यजमान हसून म्हणाले, "तिचं सगळं जग शिवणाच्या मशीनभोवती." हे वाक्य मी अठरा वर्षं जपून ठेवलं आहे. त्याची वाटणी करायची झाली तर ते कोणालाच देत नाही. माझ्याबरोबर जाऊ दे.

न्यायाने एक सांगितलंच पाहिजे. मागच्या दाराशी जाईच्या वेलात शिंजिराने घरटं केलं तेव्हा ते त्यांनी माझ्याआधी पाहिलं. "पाठ सरळ कर आणि जरा वर बघ," असं ते मला नेहमी सांगायचे. मी म्हणायचे, मी वर बघितलं तर खाली कोण बघणार? त्यामुळे कायद्याच्या भाषेत सांगायचं तर बागेचा कब्जा माझ्याकडे होता आणि उपभोग त्यांनी घेतला.

दोन. ज्या प्रकारामुळे हे मृत्युपत्र लिहावं लागलं, तो प्रकार.

गेल्या चैत्रात माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्यासाठी मी पाच दिवस घरी नव्हते. काळा चष्मा लावून परत आले, मागचं दार उघडलं, आणि नव्या डोळ्याने सगळ्यात आधी पाहिली ती खडी. पुदिन्याचा वाफा नव्हता. डाळिंबाची ओळ नव्हती. विहिरीपासून तुतीपर्यंत खडीचा रस्ता होता, आणि त्याच्या तोंडाशी लोखंडी कमान. कमानीवर पिवळ्या अक्षरांत यजमानांचं नाव. त्या कमानीसाठी जाईचा वेल बुंध्यापासून कापला होता. कापलेला वेल कुंपणाला टेकवून ठेवला होता, कळ्यांसकट.

माझा एकुलता एक मुलगा मागे उभा होता. गावच्या वाचनालयाच्या समितीला सरांच्या स्मारकासाठी त्याने माझ्या वतीने संमती दिली होती. माझ्या वतीने.

"आई, बाबांचं स्वप्न होतं ते."

"तुझ्या बाबांना झोप लागायची ती खुर्चीत, आणि त्यात ते घोरायचे. स्वप्नाचं माझ्या कानावर आलं नाही."

"तुला आवडेल असं वाटलं. सरप्राइज होतं."

"डाळिंबं कोणी काढली?"

"समितीची माणसं होती. अगं, जुनी झाली होती ती."

"मीही जुनी आहे."

तो हळूच म्हणाला की पुढच्या रविवारी सभा आहे, पुतळा नंतर यायचा आहे. पुतळ्याच्या हातात झारी असणार होती. झारी त्या माणसाने आयुष्यात एकदाच धरली, फोटोसाठी, आणि तीही रिकामी. पुदिन्याखाली बेडूक राहत होते. त्यांचं काय झालं, हे समितीच्या ठरावात कुठे लिहिलेलं नाही.

मी दोन दिवस जेवले नाही, हे खोटं आहे. सून तसं सगळ्यांना सांगत फिरली. मी जेवत होते. फक्त मुलाच्या ताटाशेजारी बसत नव्हते.

तीन. माझी धाकटी नणंद.

हिच्याविषयी सविस्तर लिहिणं भाग आहे, कारण अकरा वर्षं आमचं बोलणं नव्हतं. वन्सं टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होत्या. आवाज असा की त्यांना माइक लागत नाही. बारा वर्षांपूर्वी माझ्या अंजिराची एक फांदी गेली. कट सरळ होता, कात्रीचा, म्हणजे माकडाचं काम नव्हतं. पुढच्या वर्षी वन्संच्या दारात अंजीर उभं राहिलं. मी विचारलं, तर म्हणाल्या, पक्ष्याने बी टाकलं असेल. त्या पक्ष्यावरून आमचं बोलणं बंद झालं. यजमानांनी मध्यस्थी केली नाही. त्यांनी त्यावर सदर लिहिलं.

सभेला दीडशे माणसं आली. माझ्या उरलेल्या वाफ्यांत खुर्च्या मांडल्या होत्या. अध्यक्ष तासभर बोलले. सरांनी मुरमाचं सोनं कसं केलं, सर पहाटे उठून विहिरीचं पाणी कसं ओढायचे. मग म्हणाले, "आता सरांच्या सावलीत राहिलेल्या बाईंनी दोन शब्द बोलावेत." मी उठले. इतका राग होता की शब्द एकमेकांच्या अंगावर पडत होते. मी तशीच खाली बसले, आणि लोकांना वाटलं मी गहिवरले. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

तेव्हा मागच्या रांगेतून वन्सं उठल्या.

"मी त्याची सख्खी बहीण," त्या म्हणाल्या. "माझ्या दादाला पालक आणि गाजरगवत यातला फरक कळायचा नाही. एकदा त्याने गाजरगवताला महिनाभर पाणी घातलं. ते जोमाने आलं, म्हणून पेपरात लिहिणार होता. वहिनीने अडवलं."

अध्यक्ष म्हणाले, "ताई, आज असं बोलण्याचा प्रसंग नाही."

"मग तो कधी येणार? दादा गेला, ही डोळ्यांनी अधू झाली, मी सत्तरीला आले. आणि अजून एक. या बागेतली अंजिराची फांदी मी चोरली. अकरा वर्षं खोटं बोलले. पण चोरली ती वहिनीच्या बागेतून. दादाची बाग म्हणजे एक खुर्ची. तिथून चोरण्यासारखं काय होतं?"

मुलगा जमिनीकडे बघत होता. मग विहिरीचा पंप दुरुस्त करणारा गृहस्थ उठला आणि म्हणाला, "खरं आहे. वीस वर्षं येतोय मी, पंपापाशी कायम बाईच असायच्या." मग टपाल वाटणाऱ्या बाई. मग आणखी दोघं-तिघं. सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं आणि एकोणीस वर्षं एकानेही तोंड उघडलं नव्हतं, याचा राग मला अध्यक्षांपेक्षा जास्त आला, आणि तो अजून उतरलेला नाही.

पुतळा आला नाही. कमान वाचनालयाच्या मागे गंजते आहे. खडी मी आणि वन्संनी घमेल्याने उचलली, त्याला दोन महिने लागले. मुलगाही एका रविवारी आला, तीन घमेली उचलली आणि कंबर धरून बसला. पण आला. "आई, मी विचारायला हवं होतं," एवढं म्हणाला. एवढं पुरे नाही, पण नोंदवून ठेवते.

चार. वाटणी.

(अ) घर मुलाला. छप्पर त्याने दर दोन वर्षांनी बघावं. बाबांसारखं नुसतं खालून बघू नये.

(ब) शिवणाचं मशीन सुनेला. ती शिवत नाही. तरी द्यायचं, कारण सभेनंतर फक्त तिने मला विचारलं की डाळिंबाची रोपं कुठे मिळतील.

(क) बाग, विहीर, खुरपी, कुदळ, छाटणीची कात्री हे सर्व माझ्या नणंदेला पूर्ण मालकी हक्काने देत आहे. विहिरीच्या पाण्यावर तिचा पहिला हक्क राहील. घराच्या बोळातून बागेत जाण्या-येण्याची वहिवाट मुलाने किंवा त्याच्या वारसांनी कधीही अडवू नये. पुढे वन्संनी बाग हवी त्याला द्यावी. अट एकच, तो माणूस गुडघे टेकून काम करणारा असावा. बागेला कोणाचंही नाव देऊ नये. माझंही नाही. कुदळीचा दांडा सैल आहे, तो आधी बसवून घ्यावा.

(ड) यजमानांच्या सदरांचं पुस्तक झालं होतं. त्याच्या चाळीस प्रती माळ्यावर आहेत. त्या जाळू नयेत. त्यात लिहिलेलं सगळं घडलेलं आहे, फक्त कर्ता चुकला आहे. व्याकरण हेडमास्तरांचं असूनही.

पाच. गेले काही दिवस सकाळी मी आणि वन्सं मागे नुसत्या बसतो. आम्ही काहीही करत नाही. वन्सं पाण्यावरून वाद घालतात. त्यांच्या मते मी झाडांना बुडवते. मी वर बघते. कापलेल्या जाईला बुंध्यातून पाच फुटवे आले आहेत. बुलबुलाची जोडी तुतीवर भांडत असते. इतकं सगळं वरच्या बाजूला चालू होतं, हे मला कोणी सांगितलं नाही असं नाही. सांगितलं होतं. सांगणाऱ्याने कधी खुरपं हातातून घेतलं नव्हतं, एवढंच.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, वाचला आणि तो मला कबूल आहे. नणंद लाभार्थी असल्याने साक्षीदार होऊ शकत नाही. याचा तिला राग आला असून ती कुंपणापलीकडे उभी राहून ऐकते आहे.

ठिकाण: राहतं घर, मागचं अंगण.
दिनांक: सतरा नोव्हेंबर, सकाळचे साडेआठ.

सही: (मृत्युपत्र करणारी)

साक्षीदार:
१. (सही) टपाल वाटणाऱ्या बाई
२. (सही) पंप दुरुस्त करणारा

आम्ही दोघे साक्षीदार लिहून देतो की वरील बाईंनी आमच्यादेखत, आपल्या खुशीने सही केली. त्या थेट वाफ्यातून उठून आल्या आणि आम्ही सांगूनही त्यांनी हात धुतले नाहीत. सहीजवळ जो डाग आहे तो मातीचा आहे. ती खाडाखोड समजू नये.