तुझ्या परागांचे उद्योग

रविवार, १२ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,

आईचा आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. गुडघे कुरकुरतात, पण चालतात. तुझी सर्दी गेली का? त्या नकाशांच्या ऑफिसात अजून खिडकी उघडू देत नाहीत का? कामात डोकं घालून जेवण विसरू नकोस. झाली ख्यालीखुशाली.

आता कामाचं. तुझं झाड न्यायला ये. लवकर ये, महिन्याच्या आत, आणि मोठी गाडी घेऊन ये, कारण ते आता माझ्यापेक्षा उंच झालंय. ते या घरात राहू शकत नाही. का ते सांगते, पण मला माझ्या वाटेनं जाऊ दे. फोनवर तू "हो आई, बरं आई" करून मला गुंडाळतेस, म्हणून लिहायला बसले.

आधी चांगली बातमी. शेंग पिकली! हिरवी होती ती आता तपकिरी पडायला लागलीय आणि देठाशी सुरकुतलीय. शेवग्याची शेंग लांबीला आखूड केली आणि पोटाला फुगवली तर कशी दिसेल, तशी. दिसायला काही खास नाही. पण मी रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी तिला बघून येते.

तू इथे होतीस तेव्हा याच ब्रुगमॅन्शियावरून मी तुझं डोकं खात असे. धोतऱ्याचं भावंड, पानापासून मुळापर्यंत विषारी, घरात कशाला हवं? मग तुझं आणि आमच्या चिरंजीवांचं फाटलं, तू याच जातीचं गुलाबी झाड घेऊन गेलीस आणि हे पिवळं गाडीत मावेना म्हणून राहिलं. मी ठरवलं होतं, सोमवारी कचऱ्याच्या गाडीत घालायचं. रविवारी संध्याकाळी ते फुललं. एवढाले पिवळे कर्णे, खाली माना घालून लटकलेले, आणि तो वास! मी मुकाट्याने पाणी घातलं. त्यानंतर ते माझंच झालं, खोटं कशाला बोलू?

त्याला स्वतःचे पराग चालत नाहीत, दुसऱ्या झाडाचे लागतात, हे तूच कळवलंस. आणि मी मागितल्यावर गुलाबी झाडाचे पराग कागदाच्या पुडीत, ती पुडी बटणाच्या डबीत, असे पोस्टाने पाठवलेस. जन्मभर लोकांचे ब्लाउज शिवलेत, माझा हात काही थरथरत नाही. फूल पुरतं उमलायच्या आधी काज कापायच्या कात्रीनं त्याची नळी उभी चिरली, आतले त्याचे स्वतःचे पुंकेसर काढून टाकले, आणि मधल्या चिकट टोकाला तुझे पराग लावले. ब्रश तुझाच, डोळ्यांच्या रंगाचा, कपाटात विसरलेला. वर नेटच्या कापडाची टोपी, देठाला लाल दोरा. केलेली सगळी फुलं गळाली, एक तेवढं राहिलं. त्याचीच ही शेंग.

तेव्हा मी एका ओळीत लिहिलं होतं, की डोळ्याला जरा त्रास झाला. ती ओळ म्हणजे निव्वळ लपवाछपवी होती. आता खरं ऐक.

काम झाल्याच्या आनंदात मी त्याच हातानं घाम पुसला आणि उजवा डोळा चोळला. थोड्या वेळानं चिरंजीव घरी आले, माझ्याकडे पाहिलं आणि त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. एका डोळ्याची बाहुली कोटाच्या बटणाएवढी, दुसरी शर्टाच्या! त्याला वाटलं, आईला अर्धांगाचा झटका आला. "आई, हात वर कर. हसून दाखव. तुझं नाव सांग बघू." मी म्हटलं, "तुझंही सांगते, गाढवा." पण तो कुठला ऐकायला? मला उचलून गाडीत घातलं आणि हॉर्न वाजवत डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं.

तिथे नजर तपासणारी एक बाई होती. डॉक्टर नव्हे, ती अक्षरं वाचायला लावते ना, ती. बॅटरीनं दोन्ही डोळे पाहिले आणि विचारलं, "काकू, आज बागेत काय करत होतात?" मी परागांपासून टोपीपर्यंत सगळं सांगितलं. तिनं बॅटरी खाली ठेवली आणि गुडघ्यावर हात मारून हसली. नंतर डॉक्टरांनीही पाहिलं. काही नाही, झाडाचा प्रताप, थोड्या दिवसांत उतरेल, पुढच्या वेळी हातमोजे घाला. चिरंजीव माझी पर्स छातीशी धरून येड्यासारखे उभे. जीव भांड्यात पडला होता, पण बघत तिच्याकडे होते.

मग फेरतपासणी. एकदा समजू शकते. बाहुली जागेवर आली तरी आमच्या फेऱ्या चालूच. तो अक्षरांचा तक्ता मला पाठ झाला, उलटा म्हणून दाखवीन. वर एक नवा चष्मा, त्यावर वाचायचा वेगळा. त्या दुसऱ्याची गरज नव्हती, हे तिघांनाही ठाऊक होतं.

कळलं ना मी कुठे चाललेय? ते दोघं लग्न करताहेत. पुढच्या महिन्यात ती इथे राहायला येईल. तिला एक मुलगी आहे, अडीच-तीन वर्षांची, दिसेल ते तोंडात घालते. परवा माझं बटण तिच्या गालातून काढलं. अशा पोरीसमोर हे झाड ठेवायचं कसं?

म्हणजे बघ, पराग तू पाठवलेस, डोळा मी चोळला, आणि लग्न त्याचं ठरलं. कुठल्या तोंडानं तुला सांगायचं हे?

मी म्हटलं होतं, झाड कापून टाकते. ती म्हणाली, "असं कसं? ज्यांचं आहे त्यांना विचारा ना आधी."

आणि आता ते, ज्याच्यापायी मी किती कागद फाडले. भिंगरे, ती मला आवडते. खोड काढायचा खूप प्रयत्न केला. चहात साखर जास्त घालते, याच्यापुढे गाडी जात नाही. आम्ही दोघी गप्पा मारत बसतो, आणि मधेच तुझा चेहरा समोर येतो, आणि चोरी पकडल्यासारखं होतं मला. तू आणि तो वेगळे झालात तरी आपण दोघींनी एकमेकींना सोडलं नाही. आता हे वाचून तू सोडशील, अशी भीती वाटते. कागदोपत्री मी तुझी कुणीच नाही. तू पत्र लिहिलं नाहीस तर मी कुणाकडे तक्रार करू?

राग आला असेल तर ये आणि तोंडावर भांड. पण ये.

दाराकडे डोळे लावून बसलेली,
आई


रविवार, ९ नोव्हेंबर

भिंगरे, लबाडे,

आशीर्वाद नंतर, आधी भांडण.

तुला सगळं माहीत होतं! मी गेल्या रविवारी कुंडीची कड धरून उभी, आता या दोघी समोरासमोर येणार, काय होणार! आणि तू टेम्पोतून उतरून खुशाल तिला म्हणतेस, "फोटोतल्यापेक्षा उंच आहात की तुम्ही!" मी कुंडी पायावर पाडणार होते.

झाडाच्या विषाचं विचारायला त्यानं माझ्या डोळ्याच्या गोंधळाच्या दिवशीच तुला फोन केला, इथपर्यंत ठीक. पण मग फोन करतच राहिला? आणि तो दुसरा चष्मा तुझं डोकं? माझ्या नाकावर दोन-दोन ओझी देऊन तुम्ही दोघं हसत होतात, आणि मी इकडे शब्द जुळवताना रडकुंडीला आलेली.

कुंडी बांधताना तुझं आणि त्याचं दोरीवरून जुंपलं, तेव्हा मात्र मजा आली. "गाठ अशी नाही, तशी." "मला शिकवू नकोस." अगदी पूर्वीसारखं. फरक एवढाच की मधे पडायचं काम माझं नव्हतं. मी पायरीवर बसून ऐकलं. ती पोरीला कडेवर घेऊन हसत होती, आणि तू तिला झाडापासून लांब राहा म्हणून दटावत होतीस.

मग स्वयंपाकघरात मी तुला विचारलं, मला का नाही सांगितलंस. तू कोपरापर्यंत साबण लावून हात धूत होतीस. माझ्याकडे न बघता म्हणालीस, "तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते. प्रत्येक पत्र आधी शेवटपर्यंत वाचायचे, त्यात ते आहे का बघायला. नसायचं. मला वाटलं, ती आली की तुमची पत्रंही थांबतील."

मी नुसता टॉवेल पुढे केला. असलं तोंडावर बोलायला मला जमत नाही, तुला ठाऊक आहे. म्हणून आता लिहिते. तू तिकडे पोस्टाची पेटी बघत घाबरत होतीस आणि मी इकडे कागद फाडत घाबरत होते, आणि भीती दोघींची एकच. कसल्या मूर्ख आहोत गं आपण! मला तुझी सवय आहे, लोभ आहे, आणि तो कुणी घरात आल्यानं कमी होत नाही. हे एकदा स्पष्ट लिहायला हवं होतं. लिहिलं.

अंगणात कुंडीच्या जागी गोल डाग पडलाय. दोनदा घासला, जात नाही. घरातले सगळे त्याला वळसा घालून जातात, झाड तिथेच असल्यासारखे. संध्याकाळी वास येत नाही तेव्हा चुकल्यासारखं होतं. पण पोरगी आता सगळं अंगण पालथं घालते आणि मी निर्धास्त शिवत बसते. बरं झालं ते बरंच झालं.

प्रवासात कळ्या गळल्या असतील तर रडत बसू नकोस, नवीन येतील. शेंगेतल्या बियांवरचं बुचासारखं साल सोलून मग पेर, आणि हातमोजे घालून, कळलं? त्यातून काय रंग निघेल कुणास ठाऊक. पहिलं फूल उमलायला लागलं की मला कळव. मी राहायला येणार आहे, घरात सांगून ठेवलंय. तुला विचारत नाही, सांगतेय.

आणखी एक. आज सकाळी ती बाहेर जाताना दारातून म्हणाली, "आई, किल्ली घेतलीय." पहिल्यांदाच आई म्हणाली, इतके दिवस काकू चाललं होतं. मी ओ दिली. छान वाटलं गं. आणि दार लागल्याबरोबर हे सगळ्यात आधी तुला सांगावंसं वाटलं, म्हणून मशीनवरचं काम तसंच टाकून कागद घेतला.

दोघींची, पण आधी तुझी,
आई