कुरणखेडच्या पुढे

प्रिय गोपाल,

काल तुझा फोन ठेवल्यावर मी अकरावीचे एकतीस पेपर तपासले. आज सकाळी बेरजा पुन्हा पाहिल्या, सगळ्या बरोबर होत्या. हे लिहिते एवढ्यासाठी की माझं डोकं ठिकाणावर आहे. फक्त आत काही हलत नाही. बाबांना जाऊन नऊ आठवडे झाले, मला अजून रडू आलेलं नाही. रोजची डायरी लिहिते. त्या मंगळवारच्या पानावर "बाबा गेले" एवढे दोनच शब्द आहेत.

इथे मूर्तिजापुरात ठीक आहे. बाबांच्या ड्रायव्हिंग स्कूलची पाटी अजून काढलेली नाही, त्यामुळे कुणी ना कुणी चौकशीला येतं. परवा एक मेडिकलवाले आले. आठ दिवसांत लायसन पायजे, गाडी शिकन मंग आरामात, म्हणाले. बाबा असते तर म्हणाले असते, "मंग लगन लावून घ्या आधी, पोरगी पाहाले मंग जाऊ." मी तेच म्हणून टाकलं. ते हसले आणि दुसऱ्या स्कूलचा पत्ता विचारून गेले.

मी सव्वीस वर्षांची असताना बाबांनी मला गाडी शिकवली. तुला ठाऊकच आहे, काटा साठच्या पुढे गेला की माझे तळहात भिजायचे. "तायडी गाडी चालवून राहिली म्हंजे डबा बांधून घ्या," हे तुझंच वाक्य. मीही हसायचे. रस्त्यावरचे आकडे लोकांनी पाळावेत म्हणून लावलेले असतात, असं कॉलेजच्या भाषणांत सांगायचे. मला वेगाची भीतीच वाटायची, हे मात्र कधी सांगितलं नाही. पाटीवर ऐंशी लिहिलेलं असताना साठनं जाणाऱ्या बाईला लोक शिस्तीची समजतात. मीही स्वतःला तसंच समजत आले.

त्या मंगळवारी इथल्या डॉक्टरांनी बाबांचा ईसीजी काढला आणि तसेच अकोल्याला न्या, म्हणाले. ॲम्ब्युलन्सला अर्धा तास लागणार होता. आईला शेजारच्या रागिणीकडे बसवलं आणि तू बाबांसाठी ठेवलेली गाडी मी काढली. बाबा शेजारच्या सीटवर होते. तू अकोल्याच्या दवाखान्याच्या दारात उभा होतास. स्ट्रेचरवर घेतानाच ते गेले. तू माझ्याकडे पाहून म्हणालास, "बैलगाडी जुंपून आली काय वं तू?" दहाव्याला महादेवराव काका सगळ्यांसमोर म्हणाले, "मायानं लायसन नुसतं पाकिटात ठेवाले काढलं." आई माझा चहा हातात देईनाशी झाली, ओट्यावर ठेवू लागली. मी कुणालाच उत्तर दिलं नाही. तुम्हाला वाटलं, मी दुःखानं गप्प आहे.

मग गाडी तुझ्या नावावर, म्हणून चलानचा मेसेज तुला आला. कुरणखेडजवळ, मर्यादा ऐंशी, वेग एकशेबारा. काल तू फोनवर रडलास. "मले माफ कर ताई, एकशेबारावर होती तू," असं चार वेळा म्हणालास. तू पाठवलेला चलानवरचा फोटो मी मोठा करून पाहिला. बाबांच्या जागी काचेवर नुसतं ऊन आहे. तू आईलाही सांगितलंस. रात्री तिनं माझ्या ताटात स्वतः भाजी वाढली आणि जेवण होईपर्यंत जवळ बसली. रविवारी अमरावतीला काकांकडे सगळे जमतील तेव्हा तो फोटो तू सगळ्यांना दाखवणार आहेस.

गोपाल, तो फोटो खरा आहे. पण तो कुरणखेडचा आहे. पुढे अकोल्यापर्यंत पंचवीस किलोमीटर उरतात.

स्कूलच्या गाडीत बाबांच्या पायाशी त्यांचा वेगळा ब्रेक होता. शिकणाऱ्याला ते कधी "हळू" म्हणायचे नाहीत, बोललं की माणूस घाबरते म्हणायचे. नुसता पाय दाबायचे. तुझ्या गाडीत तसा ब्रेक नाही. कुरणखेड सुटल्यावर मी खाली पाहिलं तर बाबांचा पाय पुढे ताणलेला होता आणि पायाखालची चटई ते जोरानं दाबत होते. डोळे मिटलेले. मी वेग कमी केला. काटा साठवर आला, आणि अकोला येईपर्यंत मी तो साठवरच ठेवला. त्या पट्ट्यात अकरा-बारा मिनिटं जास्त गेली. मी हिशेब करून पाहिला आहे.

त्यांनी हळू घे म्हणून पाय दाबला की कळ आली म्हणून, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. "बाबा, काय होते?" एवढं विचारायला किती वेळ लागतो? पण तिथेही मी थांबू शकत नाही. एकशेबारावर माझे हात स्टिअरिंगवरून घसरत होते आणि मला वेग कमी करायचाच होता. त्यांचा पाय दिसला आणि मला परवानगी मिळाली. ती त्यांनी दिली की मी घेतली, हे नऊ आठवडे रोज लिहायला बसते आणि पान मिटवते.

त्या अकरा-बारा मिनिटांनी ते वाचले असते का, ते डॉक्टरांना विचारू नकोस. मी विचारलं. त्यांनी "सांगता येत नाही" म्हटलं, आणि ते खरंच असावं.

हे तुला आधी कळावं म्हणून लिहिते आहे, कारण आज संध्याकाळी मी आईला सांगणार आहे. ती परत जवळ बसेल की नाही, ठाऊक नाही. रविवारी फोटो दाखवायचा असेल तर दाखव, पण कुरणखेडच्या पुढचंही सांग. तुला जमलं नाही तर मी सांगीन. काल तू माफी मागितलीस आणि मी "असू दे" म्हणून गेले. तसं म्हणायचा मला अधिकार नव्हता. ते मी परत घेते.

अजून तरी तुझीच,
मायाताई