दुर्बिणीवाल्याचा शब्द

तीर्थरूप हार्लनदादास,

ऑर्लिनचा नमस्कार. वाकून करायचा तर परत सरळ होण्याची हमी नाही, तेव्हा खुर्चीतूनच केलाय असं समज. तुझे गुडघे, डोरीनवहिनींची साखर आणि तुमच्या ॲरिझोनाचं ऊन यांची खबर कळव. (घरासमोर खडी पसरून तिला बाग म्हणणाऱ्या माणसांच्या तब्येतीची मला मनापासून काळजी वाटते.) इकडे सर्व ठीक. लव्हॉन ठणठणीत आहे, इतकी की जूनपासून तिची एकच भुणभुण चालू आहे, डोळे दाखवून या, डोळे दाखवून या. शाळा उघडायच्या आधी बसचालकांची तपासणी असते, ती यंदा वीस तारखेला आहे, एवढंच निमित्त तिला पुरलं. बावीस वर्षं मी शाळेची बस चालवतोय आणि एकदाही रस्ता सोडलेला नाही. (मे महिन्यात पीटरसनांची टपालपेटी पडली हे तुझ्या कानावर आलंच असेल. ती पेटी मुळातच रस्त्याच्या फार जवळ होती.)

तर गेल्या शनिवार-रविवारी आम्ही दरवर्षीप्रमाणे इर्मा टोफ्टच्या माळावर प्रेअरी डॉग मारायला गेलो. यंदा इर्माच्या दोन गायींचे पाय या जनावरांच्या बिळांत मोडले, आणि गवत तर असं खाल्लंय की माळावर म्हशीच्या पाठीएवढेही केस उरले नाहीत. त्यामुळे आम्हाला बघून बाई फाटकापर्यंत चालत आली. (घुशीएवढ्या जनावराला कुत्रा म्हणायचं ज्या शहाण्याला सुचलं, त्याला इर्माच्या गायींपुढे उभा करायला हवा.) नेहमीप्रमाणे तिने रूबार्बच्या आंबट देठांचा केक दिला आणि नेहमीप्रमाणे त्यात साखर घालायला विसरली.

मर्ल आणि लॉइड होतेच. मर्लचं पोट आता इतकं पुढे आलंय की तो नेमबाजीच्या बाकाला बसतो की बाक त्याला टेकतं हे सांगता येत नाही. लॉइडला एका कानाने ऐकूच येत नाही आणि दुसऱ्याने तो ऐकत नाही, त्यामुळे तो कुजबुजला तरी पलीकडच्या जिल्ह्यात कळतं. पण ही आपली माणसं. खरा नग होता तो मर्लचा नवा जावई, ब्राइस. मिनियापोलिसमध्ये दातांचा डॉक्टर आहे. अंगावर मातकट रंगाचा सोळा खिशांचा पोशाख, आणि एकाही खिशात चाकू नाही. त्याचं बाक गोल फिरतं, वारा मोजायला त्याच्याकडे पंखा आहे, आणि फोनमध्ये म्हणे पृथ्वीच्या फिरण्याचाही हिशेब होतो. अरे, घुशीएवढं जनावर मारायला पृथ्वीला कशाला मध्ये घ्यायचं? आपले बाबा गवताची काडी उडवून वारा बघायचे आणि उरलेली काडी दातांत धरायचे. पण सांगतो कोणाला.

वर त्याच्या तिपाईवरच्या दुर्बिणीला कॅमेरा. समोरचं सगळं चित्र आणि आवाज त्या डबड्यात साठतो. कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाला, गोळी कुठे पडली ते नंतर बघता येतं. तेव्हा मी त्याला बाकावर बसवून आपली रीत समजावून सांगितली. म्हटलं, बाळा, इथे एक जण नेम धरतो आणि दुसरा शेजारी तिपाईवरच्या दुर्बिणीला डोळा लावून बसतो. दुर्बिणीवाला 'लागला' म्हणाला की लागला. 'गेला' म्हणाला की गेला. पाचशे यार्ड चालत जाऊन कोणी बघत नाही, कोणी दुसऱ्यांदा विचारत नाही, आणि मेलेलं जे काही असेल ते संध्याकाळपर्यंत ससाणे नि कोल्हे नेतात. माणसाच्या शब्दावर चालणारा या देशातला हा शेवटचा धंदा आहे, त्यात तू यंत्र घुसवू नकोस. मग त्याला माझ्या डोक्यावरची टोपी दाखवली. तीच, मक्याच्या बियाण्याच्या कंपनीची, सगळ्यात लांबच्या नेमाला मिळणारी. सहाशे बारा यार्ड. अकरा वर्षं ती या डोक्यावरून हललेली नाही, आणि त्या दिवशी दुर्बिणीला तू होतास, दादा, हेही त्याला सांगितलं. पोरगं भारावून गेलं असावं, कारण तो लगेच पाणी प्यायला.

शनिवारी सकाळी माझा हात असा बसला होता की काय सांगू. थोडं मृगजळ उठलं होतं, आणि माझ्या रायफलवरच्या दुर्बिणीची काच सारखी धुरकट होत होती (मी ती दहा वेळा पुसली, हल्लीच्या काचा म्हणजे निव्वळ लुबाडणूक), तरीही मर्लने माझ्यासाठी 'लागला' म्हणायचा सपाटाच लावला. पंधरापैकी चौदा. ब्राइसला त्याच्या पृथ्वीसकट नऊ. लॉइडला पाच, आणि त्यातले दोन मी दुर्बिणीला असताना दयेपोटी दिलेले. साडेतीनशे यार्डांवर एक बेटा मातीच्या ढिगाऱ्यावर ताठ बसून होता, लालसर, चांगला गलेलठ्ठ. त्याच्यावर मी सहा गोळ्या टाकल्या. मर्ल प्रत्येक वेळी माझा खांदा थोपटून 'लागला' म्हणायचा आणि लगेच त्याच्या जागी दुसरा येऊन बसायचा. मी मनात म्हटलं, याला म्हणतात खानदान, एक पडला की दुसरा उभा.

दुपारी आम्ही ट्रकच्या सावलीत सँडविच खायला बसलो. ब्राइसने भाबडेपणाने त्या डबड्यातलं चित्र दाखवणारी काचेची पाटी काढली आणि म्हणाला, ऑर्लिनकाका, तुमची नेमबाजी बघायची का? मी म्हटलं, बघू दे सगळ्यांना. मर्ल एकदम उठून कॉफी आहे का, कॉफी आहे का करायला लागला. कॉफी त्याच्याच हातात होती.

पाटी मी अगदी नाकाशी धरली. आधी मला तो लाल बेटा दिसला. तो प्रेअरी डॉग नव्हता. तो इर्माच्या गुरांसाठी ठेवलेला मिठाचा ठोकळा होता. आणि दादा, माझी गोळी त्या ठोकळ्यालाही लागली नव्हती. धूळ उडत होती ती तीन-तीन फूट डावीकडे. त्याच्या शेजारी एक खराखुरा प्रेअरी डॉग दोन पायांवर उभा राहून माझी मजा बघत होता. आता गोळ्या झाडताना आम्हा सगळ्यांच्या कानांवर ते आवाज अडवणारे मोठे डबे असतात, हे तुला माहीत आहे. माझे डबे चांगल्यातले आहेत, कानावर चढवले की शेजारी चर्च कोसळलं तरी कळू नये. मर्ल आणि लॉइड आपले एका बाजूचे डबे वर सरकवून माझ्या पाठीमागे निवांत बोलत बसले होते, आणि शेजारी चालू असलेलं ब्राइसचं डबडं ऐकत होतं.

"तो मिठावर मारतोय," लॉइडचा आवाज आला.

"मारू दे," मर्ल म्हणाला. "लागला, ऑर्लिन!"

"कुठे लागला? गेल्या वर्षीही तू हेच केलंस."

"त्याच्या आदल्या वर्षीही केलं. तू सांगतोस का त्याला?"

 मग लॉइड, त्याच्या मानाने अगदी हळू: "मर्ल, माझी नात त्याच्या बसमध्ये बसते."

"माहीत आहे."

"तिथे शेजारी बसून 'लागला' कोण म्हणणार?"

 माझ्या बंदुकीचा आवाज आला, धूळ उडाली, आणि मर्ल म्हणाला, "लागला."

ब्राइसचा चेहरा त्याच्या शर्टासारखा मातकट झाला. लॉइड आपल्या बुटांकडे बघत होता. मी पाटी परत दिली, सँडविच संपवलं (मोहरी जास्त झाली होती) आणि म्हटलं, वारा होता. मर्ल लगेच म्हणाला, हो, वारा फार होता. त्या दिवशी, दादा, गवताची काडीसुद्धा हलत नव्हती.

मला राग आला नाही असं लिहिणार नाही. तीस वर्षांचे दोस्त माझ्यावर दया करतात, तीही अशा उघड्या माळावर, इर्माच्या मिठासमोर. दोघांना मी दिवसभर शब्दानेही विचारलं नाही. रविवारी फक्त दुर्बिणीला बसलो, तेही नावापुरता. लॉइडने गोळी झाडली की मी मर्लकडे बघायचो, मर्ल मान हलवायचा आणि मी 'लागला' म्हणायचो. असली नेमबाजी बघायला बाबा नाहीत हे बरंच झालं.

बाकी इकडे पाऊस नाही, गव्हाला भाव नाही, आणि चर्चमध्ये नवीन पाद्री आला आहे तो गिटार वाजवतो. डोरीनवहिनींना नमस्कार. कळावे, लोभ आहे तेवढा राहू दे, वाढवलास तर तुझे गुडघे दुखतील.

तुझा धाकटा,
ऑर्लिन

ता. क. रॅपिड सिटीतल्या ज्या डॉक्टरने तुझा मोतीबिंदू काढला त्याचं नाव पाठव. एका ओळखीच्या माणसाला हवं आहे. लव्हॉनकडे आहे, पण तिला विचारलं की तिला वाटेल ती जिंकली.

ता. क. २. बसच्या किल्ल्या मी सोमवारी शाळेत नेऊन दिल्या. कारण पाठीचं सांगितलं. लॉइडच्या नातीने उन्हाळ्याची सुट्टी लागताना माझ्यासाठी बसचं चित्र काढलं होतं, ते आरशाखालून काढून घरी आणलंय. बस पिवळी आहे एवढं मला दिसतं.

ता. क. ३. दादा, ते सहाशे बारा. दुर्बिणीला तू होतास. मी कधी विचारलं नाही, रीतच नाही तशी. पण एकदा लिहून कळव, खरंच लागला होता का?

हार्लनभाऊजींना लव्हॉनचा नमस्कार. पाकिटावर यांनी पत्त्याच्या दोन ओळी एकमेकींवर लिहिल्या होत्या, म्हणून पोस्टातून पत्र परत आलं आणि माझ्या हाती लागलं. डॉक्टरांची वेळ मी जूनमध्येच घेऊन ठेवली आहे, येत्या गुरुवारची. मर्ल गाडी घेऊन येणार आहे आणि लॉइड मागे बसणार आहे. यांना अजून माहीत नाही. त्या सहाशे बाराचं खरं काय ते तुम्ही मला एका नाताळात स्वयंपाकघरात सांगितलं होतंत, ते मी आजवर कोणाला बोललेले नाही. उत्तर एका शब्दाचं पाठवा, 'लागला'. आणि अक्षर मोठं काढा.